लीछ्यू : पंचांगातला शरद आणि कवितेतला उन्हाळा

दक्षिण सुंग राजवटीची राजधानी असलेल्या हांगचौ नगरीचे तपशीलवार वर्णन करणाऱ्या 'मेंगल्यांग लू' या ग्रंथात वू त्झमू याने राजवाड्यातील एका लहानशा विधीची नोंद करून ठेवली आहे. 'लीछ्यू' म्हणजे शरदारंभ. त्या दिवशी राजज्योतिष विभागाचे अधिकारी वूथुंगचे झाड आणून दरबाराच्या अंगणात ठेववीत. लीछ्यूची नेमकी घटिका भरली की राजज्योतिषी इतमामाने पुढे होऊन शरद आल्याची वर्दी देई, आणि ती वर्दी ऐकताच झाडाची एकदोन पाने गळून पडत, असे ग्रंथकार सांगतो. ती आपोआप गळत की गळवली जात, याविषयी त्याने मौन पाळले आहे.

या विधीमागे एक जुना चिनी विचार आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील 'ह्वायनानत्झ' या ग्रंथात एक पान गळताना दिसले की वर्ष उताराला लागल्याचे ओळखावे, अशा आशयाचे वचन येते. तेथे पान आधी आणि ज्ञान नंतर. हांगचौच्या दरबारात मात्र हा क्रम उलटला आहे : आधी घोषणा, मग पान. निसर्गाने खूण द्यावी आणि माणसाने ती वाचावी, याऐवजी राज्यसंस्थेने काळ जाहीर करावा आणि निसर्गाने त्याला होकार द्यावा, अशी ही व्यवस्था. लीछ्यूला उद्देशून किंवा लीछ्यूच्या निमित्ताने लिहिलेल्या चिनी कवितांकडे पाहताना हा उलटलेला क्रम ध्यानात ठेवावा लागतो. कारण या कवितांतील चांगल्या कविता शरदाच्या कविता नाहीतच. जाहीर झालेला शरद आणि अंगाला जाणवणारा उन्हाळा यांच्यामधल्या अंतराच्या त्या कविता आहेत.

हे अंतर चिनी कालगणनेच्या रचनेतच आहे. चिनी पंचांगातील महिने चांद्र असले, तरी ऋतूंची मांडणी सूर्यावर अवलंबून असते. आपल्याकडील संक्रांतीप्रमाणे सूर्याच्या स्थानावरून ठरणारे चोवीस ऋतुबिंदू तेथे मानले जातात. दर दोन बिंदूंमध्ये पंधरा अंशांचे अंतर असते. सायन सूर्य १३५ अंशांवर आला की लीछ्यू होतो. ही तारीख बहुधा ७ किंवा ८ ऑगस्टची असते. त्यानंतर पंधरा दिवसांनी 'छूशू', म्हणजे उष्म्याची समाप्ती, हा बिंदू येतो. उत्तरायण संपण्याचा दिवस आणि शरदसंपात यांच्या बरोबर मधोमध लीछ्यू बसतो; भूमितीच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. पण जमीन तापायला आणि निवायला वेळ लागतो. सूर्य उतरणीला लागला तरी हवा लगेच त्याच्यामागून उतरत नाही. चिनी लोकभाषेत लीछ्यूनंतरच्या या उष्म्याला 'शरदातला वाघ' म्हणतात. विशेष म्हणजे ही विसंगती पंचांगकर्त्यांना ठाऊक होती. वर्षातील सर्वांत कडक उन्हाचा 'सानफू' नावाचा काळ तीन टप्प्यांचा मानलेला आहे आणि त्याचा शेवटचा दहा दिवसांचा टप्पा लीछ्यूपासून पुढे येणाऱ्या पहिल्या 'गंग' दिवशी सुरू होतो. (दिवसांच्या दहाच्या चक्रातील सातव्या दिवसाला 'गंग' म्हणतात.) म्हणजे एकच पंचांग शरद सुरू झाल्याचे सांगते आणि उन्हाचा अखेरचा तडाखा अजून बाकी असल्याचेही सांगते. कवींना जे अंतर सापडले, त्याची मुळाक्षरे अशी पंचांगातच होती.

चिनी कवितेतील शरदाविषयी लिहिताना समीक्षेने सामान्यतः वेगळी वाट धरली आहे. इसवी सनापूर्वीच्या सुंग यू या कवीच्या नावावर असलेल्या 'ज्यूब्येन' या दीर्घ रचनेपासून शरद म्हणजे विषाद हा संकेत रूढ झाला, आणि पुढील दीड-दोन हजार वर्षांची शरदविषयक कविता त्या संकेताचा विस्तार म्हणून वाचली गेली. या वाचनात तथ्य आहे. पण ते फार सैल आहे. त्यात शरदाच्या मध्यावर, चंद्रोत्सवाच्या रात्री लिहिलेली कविता आणि लीछ्यूच्या दिवशी घाम पुसत लिहिलेली कविता एकाच कप्प्यात पडतात. पहिलीत कवीसमोर शरद असतो. दुसरीत त्याच्यासमोर असतो तो फक्त शब्द.

तांग काळातील दू फू याच्या दोन कविता या संदर्भात एकमेकींशेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत. ७५८ साली दरबारातील एका पदच्युत मंत्र्याची बाजू घेतल्याच्या कारणावरून दू फूची छांगआन राजधानीतून ह्वाचौ या ठिकाणी कनिष्ठ पदावर रवानगी झाली. आन लूशानच्या बंडाने देश उद्ध्वस्त झालेला होता आणि ह्वाचौच्या कचेरीत कागदपत्रांचे ढीग साचलेले होते. त्याच वर्षी सातव्या चांद्रमासाच्या सहाव्या दिवशी त्याने जी कविता लिहिली, तिचे शीर्षकच शरदारंभीच्या असह्य उष्म्याचा आणि मेजावर चढत जाणाऱ्या कागदांचा एका दमात उल्लेख करते. कवितेत त्याला जेवण जात नाही, रात्री विंचवांची भीती वाटते, आणि शरद लागल्यानंतर तर माश्या अधिकच वाढल्या आहेत. कमरपट्टा आवळून, दरबारी वेषात बसून त्याला वेड्यासारखे ओरडावेसे वाटते, आणि शेवटी दक्षिणेकडच्या दरीवरील पाइन वृक्षांकडे पाहत तो थरावर थर साचलेल्या बर्फावरून अनवाणी चालण्याचे स्वप्न रंगवतो.

जुन्या काही भाष्यकारांना ही कविता ओबडधोबड वाटली. आठ ओळींच्या काटेकोर नियमबद्ध छंदात विंचू, माश्या आणि कचेरीतले कागद आलेले त्यांना खपले नाहीत. हा आक्षेप कवितेच्या नेमक्या बळावर येऊन आदळतो. छंद नियमबद्ध आहे, वेष नियमबद्ध आहे, पंचांगाने शरद नियमाने जाहीर केला आहे. नियमाबाहेर आहे ते फक्त शरीर. शरद आल्यानंतर माश्या वाढणे ही गोष्ट कोणत्याही ऋतुवर्णनपर संकेतात बसत नाही. ती केवळ पाहिलेली आहे. दू फूच्या अनुभवाचा प्रामाणिकपणा येथे त्याच्या सौष्ठवावर मात करतो, आणि हे होऊ देण्याची हिंमत त्याच्या समकालीनांपैकी फार थोड्यांजवळ होती.

दुसरी कविता बरोबर एका वर्षानंतरची. ७५९ साली, लीछ्यूच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेली ही रचना अगदी अल्पाक्षरी आहे. ऋतूची सीमा काल रात्री ओलांडली गेली, एवढीच पंचांगातील वस्तुस्थिती ती नोंदवते. सिकाडा किडे अजून न थांबता ओरडत आहेत, पण पाकोळ्या मात्र आता पाहुण्यासारख्या दिसू लागल्या आहेत. मग कवी स्वतःकडे वळतो : शंभरांतली निम्मी वर्षे सरली, आणि पद सोडणे न सोडणे हे शेवटी माणसाच्याच हाती आहे. या कवितेनंतर दू फूने ह्वाचौची नोकरी सोडली. कुटुंबासह तो पश्चिमेकडे छिनचौला गेला आणि त्या वर्षाच्या अखेरीस छंगदूला पोचला. राजसेवेच्या आशेवर घालवलेल्या आयुष्याला येथे वळण मिळाले.

या दोन कवितांत हवामानाचा फरक फारसा नसावा. लीछ्यूच्या दुसऱ्या दिवशी ह्वाचौत गारवा पसरला असेल, असे मानायला आधार नाही. सिकाडांचा अखंड आवाज तर उन्हाळ्याचीच साक्ष देतो. फरक आहे तो घोषणेकडे पाहण्याच्या वृत्तीत. पहिल्या कवितेत शरद हा शब्द खोटा ठरल्याची चीड आहे. दुसरीत तोच शब्द, हवेत त्याचा पुरावा नसतानाही, कवी स्वतःपुरता खरा करतो. ऋतू बदलला असे पंचांग म्हणते. तर मग बदलावे, असे तो ठरवतो. राजज्योतिषाच्या घोषणेने अंगणातले पान गळते, तसा हा माणूस राजसेवेच्या झाडावरून गळतो. पण हुकमाने नव्हे, स्वतःच्या निर्णयाने. या कवितेला शरदविषादाची कविता म्हणणे म्हणजे तिच्यातील कृती पुसून टाकणे होय.

लीछ्यूच्या तारखेचा राज्यसत्तेशी असलेला संबंध येथे अधिक स्पष्ट केला पाहिजे. चीनमध्ये पंचांग प्रसृत करणे हा सम्राटाचा अधिकार होता. ८३५ साली खासगी रीतीने छापलेली पंचांगे विकण्यावर बंदी आणली गेली, कारण सरकारी पंचांग जाहीर होण्यापूर्वीच ती बाजारात आलेली असत. प्राचीन 'युएलिंग' या ऋतुविधींच्या संहितेनुसार लीछ्यूच्या तीन दिवस आधी राजाला सूचना दिली जाई, आणि त्या दिवशी तो मंत्र्यांसह नगराच्या पश्चिम सीमेबाहेर शरदाचे स्वागत करायला जाई. शरदाची दिशा पश्चिम, रंग पांढरा, तत्त्व धातू. म्हणून सैन्याची सिद्धता आणि गुन्हेगारांना शासन या गोष्टी शरदात सुरू होत. म्हणजे लीछ्यू ही हवामानाची नव्हे, शासनाची तारीख होती. उन्हाळ्यातील कनवाळूपणा संपून दंडाचा मोसम सुरू झाल्याची ती द्वाही होती.

पण सत्तेने ठरवलेल्या तारखेचा एक अनपेक्षित उपयोग बाय च्यूयी याने करून घेतला. त्याचा जिवलग मित्र युआन चन ८१० साली पदावनत होऊन दक्षिणेकडे यांगत्से नदीकाठच्या च्यांगलिंगला गेला. लीछ्यूच्या दिवशी छांगआनमधील छ्यूच्यांग तलावाकाठी त्याची आठवण करताना बाय च्यूयीने लिहिलेली कविता वरवर अगदी साधी आहे : घोड्यावरून उतरून बांधावर उभा राहिलेला एकटा माणूस, दोनतीन सिकाडांचे कोवळे आवाज, इकडे तलाव, तिकडे नदीकाठचे गाव, आणि दोन्ही ठिकाणी या दिवशीची भावना एकच असणार अशी खात्री. ही खात्री येते कोठून? छांगआन आणि च्यांगलिंग यांची हवा सारखी असणे शक्य नाही. दक्षिणेत उकाडा अधिक काळ रेंगाळतो. दोन्ही ठिकाणी सारखे आहे ते फक्त पंचांग. ज्या साम्राज्याने मित्राला दूर लोटले, त्याच साम्राज्याने दिलेली तारीख दोघांना एका क्षणी एका ठिकाणी आणते. सत्तेच्या काळाचे मैत्रीच्या काळात रूपांतर होते, आणि तेही तक्रारीचा एक शब्द न उच्चारता. बाय च्यूयीच्या साधेपणाला भाबडेपणा समजणाऱ्या वाचकाने ही कविता पुन्हा वाचून पाहावी.

अर्थात लीछ्यूवर लिहिलेले सारेच या तोलाचे नाही. तारीख शीर्षकात घालून ठरावीक सिकाडा, ठरावीक वारा आणि ठरावीक पांढरे केस यांची जुळणी करणाऱ्या कविता शेकड्यांनी सापडतात. तुनह्वांगच्या गुंफांत मिळालेल्या हस्तलिखितांत चोवीसही ऋतुबिंदूंवरील पद्यांचा एक संच आहे. तो कधी युआन चनच्या, तर कधी दुसऱ्याच एका मंत्र्याच्या नावावर घातला जातो. ऋतुचिन्हे लक्षात ठेवण्यासाठी हा संच उपयुक्त होता यात शंका नाही; पण त्यात पंचांग आणि अनुभव यांच्यात फट नाही, आणि म्हणून कविताही नाही.

सुंग काळात या फटीला वेगळे रूप मिळाले. ओउयांग श्यू याने १०५९ साली लिहिलेल्या 'शरदध्वनी' या गद्यप्राय रचनेत पुस्तक वाचत बसलेल्या कवीला रात्री एक आवाज ऐकू येतो : आधी पावसासारखा, मग लाटांसारखा, मग शस्त्रांच्या खणखणाटासारखा. तो पोऱ्याला बाहेर पाहायला पाठवतो. पोऱ्या येऊन सांगतो की आकाशात चंद्र आणि तारे आहेत, माणसाची चाहूल नाही, आवाज झाडांतला आहे. यावर कवी शरदाला दंडाधिकाऱ्याची उपमा देत दीर्घ चिंतन सुरू करतो. 'युएलिंग'मधील सारी प्रतिमासृष्टी त्यात उतरते. चिंतन संपते तेव्हा पोऱ्या मान खाली घालून झोपी गेलेला असतो आणि भिंतींच्या कडेने किडे किरकिरत असतात. पंडिताने उभारलेल्या शरदाच्या भव्य रचनेशेजारी एक डुलकी ठेवून ओउयांग श्यूने जे साधले, ते अनेक पानांच्या युक्तिवादाने साधले नसते. त्या पोऱ्याने पाहिले तेवढेच सांगितले होते.

मराठीत या कविता आणताना अनुवादकापुढे पहिली अडचण उभी राहते ती ऋतूच्या नावाची. 'शरद' हा शब्द घेतला की संस्कृत काव्यपरंपरा त्याच्याबरोबर येते : निवळलेले पाणी, हंस, कमळे, पौर्णिमेचे चांदणे. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तला शरद नववधूसारखा येतो. तो पावसानंतरचा प्रसाद आहे, त्याच्यात दंडाधिकारी बसत नाही. 'पानगळ' घेतली तर इंग्रजी स्वच्छंदतावादाची छाया पडते. शिवाय ७ किंवा ८ ऑगस्टला मराठी मुलखात आषाढ-श्रावणाचा पाऊस चालू असतो. उन्हाळा संपून शरद लागतो, हा क्रमच आपल्या ऋतुचक्रात नाही, मध्ये वर्षा आहे. गंमत अशी की १९५७ साली स्वीकारलेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेच्या सायन गणनेत शरद २३ ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे चिनी 'छूशू'च्याच बिंदूवर सुरू होतो, आणि तो शरद तेथील लीछ्यूइतकाच कागदी असतो. पण मराठी भाषेजवळ एक साधन आहे. भादव्याचे ऊन आणि आश्विनातला उकाडा, ज्याला शहरातली माणसे 'ऑक्टोबर हीट' म्हणतात, यांचा अनुभव मराठी वाचकाला चांगला आहे. शरदातल्या वाघाचा अर्थ त्याला पंचांगातून नव्हे, पाठीवरून समजू शकतो. दू फूच्या माश्यांचा अनुवाद करणाऱ्याने कालिदासाच्या हंसांपासून थोडे दूर राहिलेले बरे.

आधुनिक चिनी गद्यात लीछ्यूचे हे अंतर एका वेगळ्याच दिशेने उघडले. यू दाफू याचा 'जुन्या राजधानीतला शरद' हा गाजलेला ललितनिबंध ऑगस्ट १९३४ मध्ये पेकिंगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पेइपिंगमध्ये, लिहिला गेला. दक्षिणेत वाढलेला हा लेखक उत्तरेकडील शरदाचा आस्वाद घेण्यासाठी हांगचौहून मुद्दाम तेथे आला होता. शिरीषासारख्या ह्वाय वृक्षाची पायाखाली आवाज न करता चिरडली जाणारी फुले, सिकाडांचे क्षीण होत गेलेले स्वर, एका पावसासरशी हवेत येणारा गारवा : हे सारे त्याने विलक्षण हळुवारपणे टिपले आहे. पण ऑगस्टमध्ये शरद कसला? त्याच १९३४ साली चांग पाओखुन या हवामानशास्त्रज्ञाने ऋतू ठरवण्याची तापमानावर आधारलेली पद्धत मांडली. तिच्यानुसार सलग पाच दिवसांचे सरासरी तापमान २२ अंश सेल्सियसच्या खाली गेल्याशिवाय शरद लागत नाही, आणि पेकिंगमध्ये हे बहुधा सप्टेंबरात घडते. म्हणजे उष्णतामापकाच्या हिशेबाने यू दाफूने उन्हाळ्यात बसून शरदाचे स्तोत्र रचले.

यावरून त्याला खोटे ठरवणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. दू फूच्या पहिल्या कवितेत शरद हा शब्द पुढे आणि शरीर मागे होते. यू दाफूमध्ये इच्छा पुढे आणि ऋतू मागे आहे. त्याला शरद हवा आहे, इतका हवा आहे की तो पुराव्याची वाट पाहत नाही. गळलेल्या चार फुलांत आणि थकलेल्या एका किड्यात त्याला तो पुरा दिसतो. या निबंधाची मर्यादाही येथेच आहे. उत्तरेचा शरद श्रेष्ठ ठरवण्यासाठी दक्षिणेच्या शरदाला तो फिका आणि पाणचट ठरवतो, तेव्हा आस्वादाची जागा पसंतीने घेतलेली दिसते. पण जेथे तो केवळ अंगणात बसून चहा पितो आणि आकाशाकडे पाहतो, तेथे दू फूच्या दुसऱ्या कवितेतला तो अल्पाक्षरी निर्णय पुन्हा भेटतो : पंचांगाने दिलेला शब्द माणसाने स्वतः भरायचा असतो.

चोवीस ऋतुबिंदूंचा समावेश २०१६ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला, आणि तेव्हापासून लीछ्यूच्या दिवशी कलिंगड खाणे, मांसाहार करून उन्हाळ्यात घटलेले वजन भरून काढणे या लोकरीतींविषयी बरेच लिहिले जाऊ लागले. वारशाच्या या भाषेत ऋतू पुन्हा एकदा घोषणेचा विषय होतो. तिच्यातून सुटून राहते ती दक्षिण सुंग काळातील ल्यू हान या दुय्यम मानल्या गेलेल्या कवीची चार ओळींची एक कविता, जिचे नावच 'लीछ्यू' आहे आणि जी मुलांच्या पाठांतराच्या 'छ्येनच्या शी' या संग्रहात शतकानुशतके टिकून राहिली. संध्याकाळ, कावळ्यांची पांगापांग, उशीला लागलेला नवा गारवा. पण तो गारवा पंख्याच्या वाऱ्याचा आहे. हान काळातील बान च्येयू हिच्या नावावर असलेल्या गीतापासून शरद येताच टाकून दिलेला पंखा ही चिनी कवितेतील परित्यक्तेची ठरलेली प्रतिमा. ल्यू हानचा पंखा मात्र अजून हातात आहे. झोपेतून उठून तो शरदाचा आवाज शोधतो आणि त्याला तो कोठेच सापडत नाही. पायऱ्यांवर चांदणे आहे, आणि त्या चांदण्यात वूथुंगची पाने पडलेली आहेत. ती गळताना कोणी पाहिलेली नाहीत, आणि त्यांच्या आधी कोणी कसली वर्दीही दिलेली नाही.